शिसं पांढरं का पडलं: गळाच्या सामानाच्या एका ट्रंकेचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. “अहो, तुमच्या त्या कपाटात बुरशी आलीय हो. शिशावर पांढरं पांढरं दिसतंय.”

‘तुमच्या’ हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण तो बरोबर बसला. कपाटाचं चित्र मी काढून दिलं होतं, प्लाय मी निवडला होता आणि काच अशी बसवा की मुंगीसुद्धा आत जाता कामा नये, हे सुताराला मीच बजावलं होतं. ज्या वस्तूंना माळ्यावरच्या ट्रंकेत चाळीस वर्षं फारसं काही झालं नाही, त्या माझ्या कपाटात चार महिन्यांत बिघडायला लागल्या. गळाची जुनी रिळं, चमचे, आमिषं जमवणारे आपल्याकडे मोजकेच. पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या दिवाणखान्यात असंच एक कपाट मी पाहिलं आहे, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो.

ट्रंक

काकूंच्या यजमानांची नोकरी पाटबंधारे खात्यात आणि जीव गळात. बदलीच्या गावी पोचल्यावर आधी नदी कुठे ते विचारायचे आणि मग बिऱ्हाड, असं काकू सांगतात. खडकवासला, मुळशी, लोणावळ्याचं वळवण ही नेहमीची पाणी. मोठी रजा मिळाली की कावेरी. १९८३ नंतर गुडघ्यांनी साथ सोडली. सामान पत्र्याच्या ट्रंकेत गेलं आणि ट्रंक शनिवार पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर. वाडा पाडायला निघाला तेव्हा ती खाली आली. नातवाने कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. “काका, आजोबांचं सामान बघायला येता का? असल्या वस्तू ऑनलाइन हजारांत जातायत.”

झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला. मशीनचं तेल, जुनं कापड आणि त्यांच्या मागे कुठेतरी अगदी पुसट असं आंबूस काहीतरी. त्या आंबूस वासाकडे मी दुर्लक्ष केलं.

सगळ्यात वर फ्लॅनेलच्या पिशवीत हार्डीचं सायलेक्स रीळ. हार्डी ब्रदर्स ही इंग्लंडच्या उत्तर टोकाकडच्या ॲनिक गावची कंपनी, १८७२ सालची. साहेबाच्या काळात महाशीर या नदीतल्या मोठ्या, ताकदवान माशामागे जाणारा माणूस ऐपत असेल तर हार्डीचंच सामान घ्यायचा. सायलेक्सचं पेटंट १८९६ चं. जड आमिष फेकताना हे रीळ मोकळं फिरतं आणि काठावरच्या कळीवर बोट दाबून त्याला आवरायचं. बोट चुकलं तर दोरीचा असा गुंता होतो की सकाळ सोडवण्यात जाते. त्याच्या खाली एक लाकडी नॉटिंगहॅम रीळ, पाठीवर पितळी चांदणी ठोकलेलं. मग बांबूच्या सहा फाका जोडून केलेल्या काठीचे तीन तुकडे. अशा विलायती काठ्यांना सुरुवातीच्या काळात बांबू जायचा तो कलकत्त्याहून. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. एका पाकिटात तातेचे तुकडे होते. नायलॉन येण्याआधी गळ आणि दोरी यांच्यामध्ये ही तात असे. स्पेनमधल्या मुर्सियाकडे रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथी ताणून ती करत. वापरण्याआधी पाण्यात भिजवावी लागे. कोरडी वाकवली की कट्‌कन मोडते, आणि मी एक मोडलीच.

काळ्या रोगणाच्या एका डबीत कृत्रिम माश्या होत्या, म्हणजे गळाला पिसं गुंडाळून केलेले किडे. निम्म्यांची पिसं कसर लागून गेलेली. डबीच्या बिजागरीत सुकलेला गाळ अडकला होता. मी खिशातून दात कोरायची काडी काढली, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “तो राहू दे. पुराचा आहे.” १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ही डबी तळमजल्यावरच्या कोनाड्यात होती. बाकी सामान वरच्या मजल्यावर होतं म्हणून वाचलं. काडी परत खिशात गेली.

एका खोक्यात हेडन कंपनीचा आमिषाचा एक नकली मासा होता, रिव्हर रंट स्पूक, पुढच्या धातूच्या ओठावर नाव ठोकलेला. काकूंच्या भावाने अमेरिकेतून आणलेला. अंगावर लाल-पांढरा रंग, शेपटीकडे किंचित वाकडा. हेडन म्हणजे मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावची कंपनी. जेम्स हेडन नावाच्या मधमाश्या पाळणाऱ्या माणसाने लाकडाचा तुकडा तासून तळ्यात फेकला आणि त्यावर मासा झेपावला, अशी तिची जन्मकथा सांगतात. हेडन, इंडियानातली क्रीक चब आणि साउथ बेंड, कॅलमझूची शेक्सपिअर, ॲक्रनची फ्लूगर, या पाच घराण्यांभोवती तिकडच्या जमवणाऱ्यांचं सगळं जग फिरतं.

तळाशी कापडी पिशवीत शिसं. घरीच ओतलेली वजनं, काही सुपारीएवढी, काही बोरासारखी लांबट, भोकात तार घातलेली. एकावर साच्याची शिवण स्पष्ट दिसत होती. सव्वीस नग.

सहा चमचे

आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा पितळी चमचे. जेवणाचे नव्हेत. दांडा नसलेला, पानाच्या आकाराचा, थोडा खोल पत्रा, एका टोकाला फिरकी, दुसऱ्या टोकाला तीन काट्यांचा गळ. पाण्यात ओढला की डुलत चालतो आणि जखमी माशासारखा चमकतो. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएलने १८५२ साली अशा चमच्याचं पेटंट घेतलं होतं. महाशीरला हे आमिष मनापासून आवडतं, म्हणून हिंदुस्थानातल्या प्रत्येक जुन्या गळपेटीत ते सापडतं.

यातल्या एकावरही शिक्का नव्हता. मला वाटलं झिजला असेल. भिंगाखाली धरला तर बाहेरच्या बाजूने बारीक, एकसारख्या ठोक्यांच्या रांगा, मध्यापासून कडेकडे वर्तुळात गेलेल्या. हे ठोके मी आधी पाहिले होते, पण बंबावर आणि घंगाळावर. हे मठाराचं काम होतं. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यावर हातोडीने जे ठोके उठवतात तेच इथे दोन इंची चमच्यावर उठवलेले.

वहीने खात्री दिली. यजमानांनी शाळेच्या वहीत नोंदी ठेवल्या होत्या: तारीख, पाणी, आमिष, वजन पौंडात, शेरा. १९६४ च्या एका पानावर लिहिलं होतं: “तांबट आळीतून सहा चमचे. दीड इंच तीन, दोन इंच तीन. विलायती मिळत नाही.” परकीय चलनाच्या टंचाईचे दिवस, गळाच्या सामानाला आयातीचा परवाना कोण देणार? तेव्हा या माणसाने हार्डीचा एक जुना चमचा नमुना म्हणून तांबटापुढे ठेवला असणार. तांबटाने पत्रा कापला, ठोकला, आणि सवयीने मठारही केला. गुळगुळीत चमचा एकाच दिशेला लखलखतो. ठोक्यांचा चमचा प्रकाश चारी बाजूंना तुकड्या-तुकड्यांनी फेकतो, खवल्यांसारखा. हे त्या दोघांनी ठरवून केलं की आपोआप झालं, ते वहीत नाही.

पाचव्या चमच्याच्या कडेला खोल चेप होता आणि त्याच्या तीन काट्यांपैकी दोन आत वाकून चपटे झाले होते. महाशीरच्या जबड्याची पकड अशीच. गळ सरळ होण्याऐवजी चिरडतो, म्हणून त्याच्यासाठी जाड काट्यांचे गळ लागतात. वहीत त्या दिवशीचा शेरा एका शब्दाचा: “गेला.”

जाता जाता एक. आपल्याकडच्या महाशीरचं शास्त्रीय नाव टॉर खुड्री. कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमाराला त्याचं पहिलं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेकडे मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. ती नदी आज नाक धरून ओलांडतो आपण.

किंमत

नातवाला किमती हव्या होत्या, आणि त्यात काही गैर नाही. हेडनच्या माशाबद्दल त्याच्या मोठ्या आशा होत्या, कारण २००३ साली एक मोठा हॅस्केल मिनो लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला हे त्याने वाचलं होतं. मी त्याला समजावलं की हॅस्केल हा १८५९ च्या पेटंटचा तांब्याचा मासा, त्यातही हा दुर्मीळ थोरल्या आकाराचा. रिव्हर रंट मात्र ढिगाने निघालेला. तिकडे या छंदाची १९७६ पासून राष्ट्रीय संघटना आहे, दर्जाची ठरलेली मोजपट्टी आहे, आणि तिथे रंगाचा एक टवका उडाला तरी भाव कोसळतो. पुठ्ठ्याचं रिकामं खोकं कधी कधी आतल्या माशापेक्षा महाग जातं.

हार्डीच्या रिळाला बरा भाव आला असता. पण इथे एक अडचण झाली होती. मी येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी, पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून, रिळाची पितळी बाजू चिंच-मिठाने घासली होती. लख्ख झालं होतं, देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखं. जमवणाऱ्याच्या लेखी त्या घासण्यात रिळाचा मूळ काळपट थर गेला आणि किमतीचा बराच भाग मोरीत वाहून गेला. मी हे तिथे बोललो नाही. शिवाय चिंचेची आंबटाई आणि मीठ फटींमध्ये राहिलं की पितळ आतून कळकत राहतं. मी रीळ उघडून, पाण्याने धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून दिलं.

चमच्यांना बाजारात भावच नाही. त्यांना मोजायला कुठली यादी नाही. माझ्या मते ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच होती, आणि वही. नातवाला हे पटायला वेळ लागला. काकूंना विकायचं नव्हतंच. “हॉलमध्ये लावा. यांचा फोटो आहे त्याच्या खाली.” तिथून कपाटाची गोष्ट सुरू झाली.

परदेशात विकायचा विषय मात्र मी तिथेच थांबवला. ऐतिहासिक किंवा कलेच्या महत्त्वाची वस्तू शंभर वर्षं ओलांडून गेली असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि सायलेक्सचं वय त्या रेषेच्या आसपास होतं. माश्यांच्या पिसांत रानकोंबड्याची मानेची पिसं होती. त्यांचा व्यवहार म्हणजे वन्यजीव कायद्याशी गाठ.

कपाट

पाडव्याला कपाट लागलं. चार फूट बाय अडीच, प्लायचं, आत मरून मखमल, पुढे काच, कडेने सिलिकॉनची बारीक रेघ, वरून एलईडीची पट्टी. चमचे मधोमध पंख्यासारखे, खाली शिशाची वजनं ओळीने, हेडनचा मासा कोपऱ्यात, रीळ त्याच्या शेजारी. येणारा-जाणारा थबकायचा. मी फोटो काढून चार मित्रांना पाठवले. छान दिसत होतं, ते नाकारत नाही.

फोन आला तेव्हा मी काकूंसारखाच विचार केला: पावसाळा, दमट हवा, बुरशी. जाऊन पाहिलं. वजनांवर पांढरी पूड, काहींवर फुलासारखी वर आलेली. दोन चमच्यांवर निळसर हिरवे ठिपके. गळ तांबूस. मी वजनं कोरड्या फडक्याने पुसली, कपाटात सिलिका जेलच्या सहा पुड्या ठेवल्या आणि दारावर आणखी एक पट्टी चिकटवून फट पूर्ण बंद केली. कोरडं आणि बंद, झालं काम.

या एका भेटीत तीन चुका झाल्या. शिशाची पूड कोरडी पुसली, म्हणजे ती हवेत उडवली. ती विषारी असते आणि त्या घरात पाच वर्षांची पणती रांगोळीसारखी बोटं फिरवत हिंडते. दुसरी, पांढरं दिसलं की बुरशी असं धरून चाललो, तपासलं नाही. तिसरी सगळ्यात वाईट: जे आत कोंडलं होतं ते मी आणखी घट्ट कोंडलं.

तीन आठवड्यांनी पूड दुप्पट. सिलिका जेलचे निळे दाणे कधीच गुलाबी होऊन बसले होते. मी पट्टी सोलून दार उघडलं आणि तोंडावर भपकारा आला. लोणच्याच्या बरणीचा नव्हे, चायनीजच्या गाडीवरच्या बाटलीचा. व्हिनेगर.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हातमोजे घालून पुडीचा कण काचेवर घेतला, त्यावर लिंबाचा थेंब टाकला. भिंगाखाली बारीक बुडबुडे उठले. बुरशी फसफसत नाही. कार्बोनेट फसफसतं.

व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड हवेतून शिशापर्यंत पोचलं की त्याचं लेड ॲसिटेट होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल त्याचं कार्बोनेट करतात, आणि त्या खटाटोपात ॲसिड पुन्हा मोकळं होतं, पुढचं शिसं खायला. म्हणून थोडंसं ॲसिडही पुरतं, फक्त ते बाहेर जायला वाट नको. जुन्या काळी रंगासाठी सफेता असाच करत: शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या मडक्यांत ठेवायच्या, भोवती शेणाचा ढीग रचायचा आणि काही आठवडे विसरून जायचं. शेणातून ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळायचा. काकूंच्या दिवाणखान्यात, यजमानांच्या फोटोखाली, मी सफेत्याचा कारखाना टाकला होता. शेणाऐवजी मखमल होती इतकंच.

बरण्या

पण व्हिनेगर आलं कुठून? संशयित चार. प्लाय, कारण लाकूड स्वतःच असली ॲसिडं सोडतं. ओकचं लाकूड यात बदनाम आहे आणि प्लायमध्ये वरून गोंदही असतो. सुताराचा पांढरा गोंद, जो पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा असतो. काचेच्या कडेचं सिलिकॉन: नळी उघडताच ज्याला आंबट वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिडच सोडतं. आणि चौथा, हेडनचा मासा. तो टेनाइटचा असावा, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट. हे प्लास्टिक म्हातारं झालं की आकसतं, वाकतं आणि व्हिनेगरचा वास सोडतं. तिकडचे जमवणारे या रोगाला चांगले ओळखतात. ट्रंकेतला आंबूस वास आणि शेपटीची वाक आठवली तेव्हा मी कपाळावर हात मारला.

ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक चाचणी बसवली, ती आजही जगभर वापरतात. जे सामान कपाटात वापरायचं त्याचा तुकडा एका बंद नळीत घालायचा, सोबत शिसं, तांबं आणि चांदी यांच्या पट्ट्या आणि थेंबभर पाणी. ६० अंशांवर २८ दिवस. शेवटी कुठला धातू किती बिघडला ते पाहायचं. शिसं ॲसिटिकसारख्या ॲसिडांची चहाडी करतं, चांदी गंधकाची.

माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. जॅमच्या सहा बरण्या, ओल्या कापसाचा बोळा, नव्याने ओतून घासलेल्या शिशाच्या टिकल्या आणि थर्माकोलच्या खोक्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब. खोक्यात ४५ ते ५० अंश मिळाले. पहिल्या बरणीत नुसता बोळा आणि शिसं, तुलनेसाठी. दुसरीत प्लाय, तिसरीत काचेवर पसरून वाळवलेला गोंद, चौथीत त्याच नळीतलं सिलिकॉन, पाचवीत मखमल आणि चांदीची एक जुनी पट्टी. हेडनच्या माशाला उष्णता द्यायची नव्हती, म्हणून सहावी बरणी खोलीच्या हवेत, मासा आणि टिकली, पाणी नाही.

सहाव्या दिवशीच सिलिकॉनच्या बरणीतली टिकली पांढरी. २८ व्या दिवशी तिच्यावर कवच होतं, नखाने सुटणारं. गोंदाच्या टिकलीवर ठिपके, प्लायच्या टिकलीवर पातळ साय. माशाच्या बरणीत टिकलीच्या माशाकडच्या बाजूला पांढरट धूसर डाग, दुसरी बाजू स्वच्छ. मखमलीने शिशाला काही केलं नाही, पण चांदी काळवंडली. नुसत्या पाण्याची टिकली थोडी मंद झाली, बस्स.

सिलिकॉनचा निकाल मी जरा हात राखून वाचतो. ते ताजं होतं, आणि ॲसिड मुख्यतः वाळतानाच निघतं. कपाटातलं तोवर चार महिन्यांचं झालं होतं. पण कपाट लागलं त्याच संध्याकाळी, रेघ नीट वाळण्याआधी, मी सगळं आत मांडून दार लावून टाकलं होतं. पाडव्याचा मुहूर्त! निघालेलं ॲसिड प्लाय आणि मखमल यांनी शोषून घेतलं असणार आणि पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर ते परत सुटलं असणार. म्हणजे एकटा चोर नव्हताच, टोळी होती.

ट्रंकेत चाळीस वर्षं हे का झालं नाही, त्याचंही उत्तर हाती लागलं. ट्रंक पत्र्याची, आत लाकूड नाही, गोंद नाही. झाकण जुनं, पोचे पडलेलं, फटींतून हवा खेळायची. माळा कौलाखाली, दिवसभर तापायचा, आणि तापलेल्या हवेत ओल तेवढी बाधत नाही. शिसं कापडी पिशवीत, चमचे तेलाचा हात फिरवून कागदात. आणि मासा त्याच्या खोक्यात, शिशापासून एक हात लांब. मी त्यांना जवळजवळ आणून एका कोंदट खोलीत बसवलं आणि वर दिवा लावला.

दुरुस्ती

आधी पूड. गच्चीवर, मास्क आणि हातमोजे घालून, ओल्या कापसाने, कापूस पिशवीत बंद करून. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नये, हे सांगायची वेळ यावी असं नाही, पण मी ओट्यावर केलेलं पाहिलं आहे. वजनांचं सगळं पांढरं काढलं नाही. खरवडलं तर खालचं शिसं आणि साच्याची शिवण दोन्ही जातात. सुटी पूड गेली तेवढं पुरे. पणतीची बोटं पोचणार नाहीत अशी जागा ठरवली.

चमच्यांवरचे हिरवे ठिपके बांबूच्या काडीने भिंगाखाली एकेक करून उचलले, मग मऊ फडक्याने मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. मठाराचे ठोके जसेच्या तसे राहिले. पाचव्या चमच्याचे चिरडलेले काटे नातू सरळ करून देणार होता. “काका, पाच मिनिटांचं काम आहे.” मी चमचा त्याच्या हातातून काढून घेतला आणि वहीचं ते पान उघडून समोर ठेवलं. त्याने वाचलं, काही बोलला नाही, चमचा परत जागेवर ठेवला.

माश्यांची डबी दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, कसरीची अंडी मरावीत म्हणून. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पिसांवर पाणी सुटतं. काकूंच्या फ्रीझरमध्ये ती डबी मटारच्या पिशवीखाली होती आणि तिच्यावर चिठ्ठी: “खायचं नाही.” डांबरगोळ्या टाळल्या. त्यांची वाफ जुन्या प्लास्टिकला आणि रंगाला मऊ करते. तसंच, रबरी गांडूळं कडक प्लास्टिकच्या आमिषांसोबत ठेवू नयेत. दोन्ही एकमेकांत विरघळून चिकट डाग पडतो.

प्लायचं कपाट आता काकूंच्या पुस्तकांना आहे. नवं साधं आहे: पावडर कोटिंग केलेला पत्रा, काच खाचेत सरकणारी, सिलिकॉन नाही. कुठे लागलंच तर वास नसलेलं, न्यूट्रल जातीचं. मखमलीऐवजी धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड. बाजूंना खाली-वर बारीक भोकं, आतून जाळी. रिकामं कपाट चार आठवडे उघडं ठेवलं आणि काकूंच्या रोजच्या चौकशीला रोज तेच उत्तर दिलं. चमचे टाचण्यांवर न लटकवता ॲक्रिलिकच्या खुंट्यांवर नायलॉनने बांधले, काट्यांच्या टोकांवर पॉलिथिनच्या नळीचे तुकडे. चिकटपट्टी आणि ग्लू गन या दोन गोष्टींना त्या घरात बंदी आहे. दिवा फक्त कुणी आलं की.

मांडणीही बदलली. पूर्वी रीळ मानाच्या जागी होतं. आता मधोमध सहा चमचे आणि त्यांच्या मागे वहीच्या दोन पानांच्या प्रती, तांबट आळीचं आणि “गेला”चं. मूळ वही कपाटात नाही, ती आम्लरहित कागदात गुंडाळून काकूंच्या पत्र्याच्या कपाटात आहे. चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने लिहिलं: काय आहे, कुठलं, काय झालंय. रिळाखालच्या चिठ्ठीवर “चिंच-मिठाने घासलेलं” हेही लिहिलं आहे. मला ते लिहायचं नव्हतं, काकूंनी लिहायला लावलं. डबीच्या चिठ्ठीवर फक्त “गाळ: १२ जुलै १९६१”.

हेडनचा मासा या कपाटात नाही. टेनाइटचा हा रोग बरा होत नाही, लांबवता येतो: हवा खेळती, जागा थंड, इतर कशाच्या शेजारी नाही. तो भोकं पाडलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या डबीत, उत्तरेकडच्या खिडकीत असतो. त्याची ड्यूटी नातवाकडे आहे. दर रविवारी डबी उघडून हुंगायची आणि शेपटीची वाक कागदावर आखलेल्या रेषेशी जुळवून पाहायची. गेल्या डिसेंबरपासून दोन मिलिमीटर वाढली आहे.

नव्या कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, चमच्यांच्या आड, शिशाची एक घासलेली टिकली ठेवली आहे, पाठीवर तारीख खरवडलेली. यंदाचा जून आणि जुलै गेला. ऑगस्टच्या शेवटी ती काढून उन्हात धरली. करडी आहे.